पूर्वेकडे तोंड करून

माझी थोरली बहीण मी मेलो असं समजून ऊर बडवून रडत होती, तेव्हा मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, तिच्याच स्वागतासाठी, भिंतीकडे तोंड करून ताठ उभा होतो.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी एका राष्ट्रगीताचा अर्थ सांगावा लागेल. (घाबरू नका. तो अर्थ मला वेळेवर कळला असता तर हे लिहायची वेळच आली नसती!)

आम्ही आपटेकर. मूळचे पाताळगंगेच्या काठावरच्या आपट्याचे, पण कित्येक पिढ्या पनवेलात. धर्माने ज्यू, कोकणातले बेने इस्राईल. घरात मराठी, आमटीत नारळ आणि भांडण झालं की आवाज थेट वडाळे तळ्यापर्यंत. एके काळी आमची आळी भरलेली होती. मग एकेक कुटुंब इस्राईलला गेलं, दारांना कुलपं लागली, कुलपांच्या जागी बिल्डर आले, आणि आता सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर ठाण्यापर्यंत फोन करावे लागतात. मला साधा खोकला झाला तरी माझ्या बायकोच्या आधी प्रार्थनेवाल्यांचा फोन येतो. "रुबेनभाऊ, शनिवारपर्यंत बरे व्हाल ना?" प्रकृतीची इतकी काळजी करणारा समाज दुसरा नसेल.

गेलेल्यांतलीच एक माझी फ्लोराताई. लग्न होऊन तिकडे गेली तेव्हा मी शाळेत होतो. मला अंघोळ घालणारी, पाढे घोकून घेणारी आणि पाढे चुकले की धपाटा घालणारी तीच. त्यामुळे ती गेली तेव्हा मला आई गेल्यासारखंच वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. (आई शेजारी उभी होती. तिने ते ऐकलं. दुसरा धपाटा तिचा.)

पुढे ताईने तिथे कापडाच्या गिरणीत काम केलं, मग एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. मुलं झाली, नातवंडं झाली. दर शुक्रवारी दुपारी, आमचा विश्रांतीचा दिवस, सब्बाथ, लागायच्या आधी, तिचा फोन यायचा. बोलणं सगळं पनवेलचं. "तळ्यात कमळं आहेत का रे? मिठागरांकडून संध्याकाळचा तो खारट वारा येतो का? आणि एस.टी. स्टँडासमोर तो भजीवाला?" मिठागरांवर आता इमारती आल्या होत्या आणि भजीवाल्याच्या जागी मोबाइलचं दुकान. मी "हं... हं..." करायचो. ती म्हणायची, "हं काय करतोस म्हशीसारखा! नीट सांग!"

काही वर्षांपूर्वी मी आणि माझी बायको एस्तेर तिच्याकडे जाऊन आलो. वाळवंटाच्या कडेचं तिचं गाव. तिथल्या मराठी मंडळींनी एका सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. गाणी झाली, भेंड्या झाल्या, बटाटेवडे झाले, आणि शेवटी सगळे त्यांच्या राष्ट्रगीताला उभे राहिले. संथ, हुरहूर लावणारी चाल. मी सहज शेजारी बघितलं तर फ्लोराताई रडत होती. रडत म्हणजे डोळ्यांच्या कडा वगैरे नाही. पदर भिजला होता. एका खिडकीकडे टक लावून ती नुसती गळत उभी होती.

त्या क्षणी मी मनात एक नोंद केली: ताईला या जगात सगळ्यांत प्रिय काय, तर हे गाणं.

माझ्या मनातल्या नोंदींनी आजवर आमचं बरंच नुकसान केलंय. ही त्यातली अव्वल.

तर यंदा थंडीत ताईचा फोन आला. "रुब्या, मी येतेय. गुडघे अजून चालतायत तोवर एकदा पनवेल बघून घेते. परत जमेल असं वाटत नाही."

फोन ठेवला आणि मी एस्तेरला म्हणालो, "ताईचं स्वागत असं करायचं की तिने जन्मात विसरता कामा नये."

(हे मात्र साधलं!)

"काय करताय?" एस्तेरने विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या 'काय करताय' मध्ये 'काही करू नका' हे आपोआप ऐकू येतं. मी ते ऐकलं आणि दुर्लक्ष केलं.

"ब्रास बँड! सोसायटीच्या आवारात बँडवर त्यांचं राष्ट्रगीत! ताई गाडीतून उतरणार, आणि..."

"आणि घाबरून परत गाडीत बसणार," एस्तेर म्हणाली.

मी कामाला लागलो. आधी अभ्यास. इंटरनेटवर त्या राष्ट्रगीताची सगळी माहिती वाचून काढली. देश व्हायच्या कितीतरी आधी हे गाणं लिहिलं गेलं होतं. म्हणजे मूल व्हायच्या आधीच पाळणा म्हणून तयार! अर्थ असा, की मनात ओढ अजून जिवंत आहे, दोन हजार वर्षांची आशा अजून संपलेली नाही, आणि डोळे पूर्वेकडे लागलेले आहेत, त्या भूमीकडे. मला पूर्वेचा भाग फार आवडला. मी ठरवलं, की राष्ट्रगीताच्या वेळी सगळ्यांनी पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. नुसतं वाजवण्यात काय अर्थ? भाव पाहिजे!

एस्तेर भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, आपण सिनेगॉगमध्ये कुठे तोंड करून उभे राहतो?"

"पश्चिमेकडे."

"का?"

"कारण जेरुसलेम आपल्या पश्चिमेला आहे."

"मग?"

"मग काय! राष्ट्रगीतात पूर्व लिहिलंय. आता राष्ट्रगीत मोठं की तू?"

तिने पुढचे देठ जरा जोरात मोडले.

पुढचा टप्पा बँड. ओवे गावचे काशिनाथ मास्तर म्हणजे आमच्या भागातल्या हळदी आणि वराती गाजवलेलं नाव. त्यांचा क्लॅरनेट सुरू झाला की नवऱ्यामुलाची आजीसुद्धा काठी टाकून नाचते. मी त्यांना मोबाइलवर चाल ऐकवली. मास्तरांनी डोळे मिटले, शेवटपर्यंत ऐकली, आणि अतिशय हळव्या आवाजात विचारलं, "कोन गेला?"

"कोणी गेलं नाही हो! माझी बहीण येतेय!"

"मंग हा मयताचा गाना कशाला?"

"मास्तर, राष्ट्रगीत आहे ते एका देशाचं!"

"आसंल. पन रडतंय ना ता! आयका, वर जातंय आन् परत खाली येऊन बसतंय. नाचाची येक पन जागा नाय त्याच्यान."

"नाचायचं नाहीच आहे. सगळ्यांनी शांत उभं राहायचंय."

"उबं ऱ्हायाला बँड बोलवताव?" मास्तरांना माझी कीव आली. त्यांनी क्लॅरनेट पेटीत ठेवायला घेतला.

सौदा हातचा जातोय हे बघून मी अभ्यासातला हुकमी पत्ता काढला. "मास्तर, असं म्हणतात की ही चाल मूळची युरोपातल्या शेतकऱ्यांच्या गाण्यावरून घेतलीय. बैलगाडीचं गाणं होतं म्हणे."

मास्तरांचा हात पेटीतच थांबला.

"बैलगारीचा?"

"हो."

"मंग आदी का नाय बोललाव!" त्यांचा चेहरा उजळला. (शर्यतीच्या एका खोंडात मास्तरांचा अर्धा वाटा आहे हे मला नंतर कळलं.) "आता तुमी टेन्शन घेव नका. बैलगारीचा गाना हाय ना? आमी बगतो काय ता."

मी टेन्शन घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

मग फ्लेक्स. पनवेलात फ्लेक्सशिवाय कोणी जन्मत नाही, वाढत नाही आणि मरतही नाही. दुकानदाराला मी ताईचा फोटो दिला, तर तो म्हणाला, "काका, हा फार जुना आहे, मोठा केला की फुटतोय. यांना कोपऱ्यात घेतो. मध्ये तुमचा टाकतो."

"अहो, स्वागत तिचं आहे!"

"स्वागत कोण करतंय ते पण लोकांना दिसायला पाहिजे ना! डिझाइन कुठलं घेऊ? सोज्वळ असं एकच आहे, हे झेंडूच्या माळांचं. बाकी सगळ्यांत वाघ आहेत."

मी सोज्वळ घेतलं. मध्यभागी माझा भला मोठा हसरा चेहरा, भोवती झेंडूची महिरप, वर 'हार्दिक स्वागत', आणि खाली बारीक अक्षरांत बाकीचा मजकूर.

आता आली सोसायटी. आमचे सेक्रेटरी पाटणकर सहकार्याला नेहमी तयार असतात, फक्त आधी शंका विचारतात.

"आपटेकर, आपलं गेट पश्चिमेला आहे."

"हो."

"आणि पूर्वेला भिंत आहे."

"हो."

"भिंतीला लागून कचऱ्याचे डबे आहेत. म्हणजे सगळी सोसायटी डब्यांना मानवंदना देणार?"

"डबे हलवू ना!"

"कुठे?"

"गेटजवळ."

पाटणकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी तसाच दिसत होतो. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण सगळे भिंतीकडे बघत असणार, तर गाडी आलेली कळणार कशी?"

"वॉचमन शिट्टी मारेल. शिट्टी झाली की बँड सुरू. आणि एक लक्षात ठेवा, राष्ट्रगीत चालू असताना कोणीही हलायचं नाही. मागे काहीही होवो. भूकंप झाला तरी नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोसायटीच्या इतिहासात माझी सूचना एकमताने मान्य होण्याची ती पहिली वेळ.

ताईला आणायला मी एस्तेरला विमानतळावर पाठवलं. (मी इथे संचालनात!) तिच्याकडून शपथ घेतली होती, की बँडचं एक अक्षर बोलायचं नाही. एस्तेर शब्दाला पक्की. पण तिला खोटं बोलता येत नाही. गाडीत काय झालं ते मला नंतर समजलं.

"रुब्या का नाही आला गं?"

"ते... घरी आहेत."

"बरं नाही का त्याला?"

"घरी चला, मग कळेलच."

"म्हणजे काय? एस्तेर, माझ्याकडे बघ. बरा आहे ना तो?"

एस्तेरला हसू आवरेना, म्हणून तिने तोंडाला रुमाल लावला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. शेजारी बसलेली भावजय रुमाल तोंडाला लावून खिडकीबाहेर बघतेय, नवऱ्याविषयी विचारलं तर बोलत नाही! ताईने पुढे रस्ताभर एकही प्रश्न विचारला नाही. तिची हिंमतच झाली नाही.

इकडे आम्ही सज्ज. सगळे पांढऱ्या कपड्यांत. (पांढरा हा शांततेचा रंग म्हणून मीच सुचवला होता.) पाटणकर वहिनींनी आयत्या वेळी उत्साहाने फ्लेक्सवर खऱ्या झेंडूची जाडजूड माळ सोडली. ती नेमकी 'हार्दिक स्वागत' वर आली. खाली राहिला माझा चेहरा.

शिट्टी वाजली.

काशिनाथ मास्तरांनी क्लॅरनेट ओठांना लावला आणि पहिली ओळ अशी काही वाजवली, की काय सांगू! संथ, कातर, काळजाला हात घालणारी. खरंच, मयताचीच.

गेटमधून ताई आत आली. समोर कचऱ्याचे डबे. त्यांच्यापलीकडे पांढऱ्या कपड्यांतली तमाम पाठमोरी माणसं, माना खाली घालून, गप्प. (खाली नव्या फरशा बसवल्या होत्या, त्या सगळे बघत होते.) कोणी वळूनही बघेना. आणि सगळ्यांच्या पुढे, भिंतीवर, झेंडूच्या माळेखाली मी. हसरा. मोठा.

मला मागून एक हुंदका ऐकू आला. ताई भावुक झाली! माझी छाती फुगली. मी पाठीमागेच हात करून मास्तरांना खूण केली: अजून जोरात!

"रुब्या रे!"

मी डोळे मिटले. बहिणीचं प्रेम!

"कसा रे गेलास मला न सांगता!"

मी डोळे उघडले. हे जरा वेगळं होतं. पण राष्ट्रगीत चालू होतं आणि भूकंपातही हलायचं नाही हा नियम माझाच होता. शेजारी पाटणकर ओठ न हलवता पुटपुटले, "आपटेकर, कोण गेलं?" मीही ओठ न हलवता म्हणालो, "माहीत नाही."

नेमक्या याच वेळी चालीतली बैलगाडी सुटली! मास्तरांनी ढोलवाल्यांना इशारा केला, ताशा कडाडला, झांजा आदळल्या, आणि दोन हजार वर्षांची ओढ शर्यतीच्या खोंडासारखी उधळली. त्या ठेक्यावर मागून ताईचा आक्रोश येतच होता, आणि सगळी सोसायटी ताठ उभी राहून फरशा बघत होती.

मग ताईचा आवाज फुटला. "आईच्या वेळीही असंच केलंत रे! तेव्हाही मला सगळं झाल्यावर कळलं! आता तुझंही!"

मी नियम मोडला. मागे वळलो.

आई गेली तेव्हा ताईची मुलं लहान होती, फोन आळीत एकच, तोही बंद. निरोप पोचेपर्यंत सात दिवसांचा शोकही उलटून गेला होता. तिकडे एकटीने जमिनीवर बसून तिने सात दिवस पाळले. त्याबद्दल ती आम्हाला कधी एक शब्द बोलली नव्हती. दर शुक्रवारी भजीवाल्याची चौकशी करत राहिली. इतकी वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं, आणि ते बाहेर आलं ते आमच्या सोसायटीच्या आवारात, एका उलट्या कचऱ्याच्या डब्यावर बसून.

मी हातात गुच्छ घेऊन तिच्याकडे धावलो. तिने मान वर केली. भिंतीवरचा चेहरा थेट समोरून पळत येतोय! तिने जी किंकाळी फोडली त्याने ताशावाला थांबला. मी जवळ पोचलो, वाकलो, आणि फाडकन माझ्या कानाखाली आवाज निघाला.

"मेल्या, जिवंत आहेस होय रे!"

असं म्हणून तिने मला मिठी मारली आणि पुन्हा रडायला लागली, आणि मीही. गुच्छ आमच्या दोघांमध्ये चुरडला. एस्तेर गाडीच्या डिकीजवळ बॅग धरून उभी होती आणि कोणाकडेही न बघता म्हणत होती, "मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं." इकडे मास्तरांना वाटलं, एकदाचं रडणं आटपलं. त्यांनी सवयीने थेट हळदीचं गाणं धरलं. पाटणकर वहिनी नाचल्या. त्यांना कोणी थांबवलं नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं गॅलरीत बसलो. ताईने दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, पवित्र वचनांच्या त्या छोट्या नळीला, हात लावून तो ओठांना लावला होता, उरणच्या पापलेटची नारळाच्या दुधातली आमटी दोनदा मागून घेतली होती आणि माझ्या गालावर पाच बोटं अजून दिसत होती. ती समोर बघत होती. समोर इमारती. त्यांच्या पलीकडे अजून इमारती. ती मिठागरं शोधत असावी.

"रुब्या, हे बँडचं तुझ्या डोक्यात आलं तरी कुठून?"

"तुझ्याचमुळे! तिकडे त्या सभागृहात राष्ट्रगीत वाजलं तेव्हा तू किती रडलीस! मला वाटलं, तुला ते गाणं..."

ताई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. एस्तेरने पाणी दिलं.

"अरे वेड्या, ते गाणं लिहिणारा माणूस कुठला?"

"युरोपातला."

"म्हणून त्याला तो देश पूर्वेला. त्याचे डोळे पूर्वेकडे लागलेले. बरोबर? आता मी तर त्या देशातच राहते. तिथे उभं राहून मी पूर्वेकडे बघितलं की काय येतं?"

मी मनातल्या मनात नकाशा उघडला. "वाळवंट."

"पुढे?"

"अजून वाळवंट. मग समुद्र."

"पुढे?"

"पुढे... उरण."

"आणि उरणच्या पुढे?"

माझ्या मनातल्या नकाशावर पनवेल आलं. एस्तेरने हातातली चहाची कपबशी हळूच खाली ठेवली.

"तिथे पहिल्यांदा ते गाणं शिकले ना," ताई म्हणाली, "तेव्हा भाषा नीट यायची नाही. शेजारणीने अर्थ सांगितला. ओढ, आशा, आणि पूर्वेकडे लागलेले डोळे. मी म्हटलं, अगं बाई, हे तर माझंच गाणं आहे! तेव्हापासून ते लागलं की मी पूर्वेची खिडकी शोधते. सगळ्यांना वाटतं, केवढं हिचं देशप्रेम! असू दे. खोटं थोडंच आहे? तो देश माझाच आहे. त्याने मला अन्न दिलं, मुलांना शाळा दिली. पण गाण्याच्या वेळी मी मनाने स्टँडासमोर भजी खात असते."

मग ताईने विचारलं, "तो भजीवाला आहे का रे अजून?"

"मोबाइलचं दुकान झालं."

"वाटलंच मला. तू 'हं' म्हणायचास तेव्हाच." ती इमारतींकडे बघत राहिली. "तुम्ही तुमचं पनवेल बदललंत. माझं तिकडे आहे तसंच आहे. भजी गरम."

सोसायटीच्या झेंडावंदनापर्यंत ती राहिली. सव्वीस जानेवारीच्या सकाळी पाटणकरांनी मला प्रेमाने बाजूला घेऊन सांगितलं, "आपटेकर, यंदा तुम्ही फक्त उभे राहा. जमलं तर झेंड्याकडे तोंड करून." आपलं राष्ट्रगीत सुरू झालं. आम्ही सगळे नेहमीसारखे तोंडातल्या तोंडात. ताई मात्र खणखणीत, शाळेत बाईंनी शिकवलेल्या थाटात, एकही शब्द न चुकता. आजूबाजूचे हळूहळू आवाज चढवायला लागले. तिच्यापुढे पुटपुटायची लाज वाटत होती.

संपल्यावर बघतो तर तिचे डोळे पुन्हा भरलेले.

"आता काय झालं? आता तर पनवेलात आहेस!"

"धाकट्या नातीची आठवण आली रे," ती नाक पुसत म्हणाली. "तिची वेणी माझ्याशिवाय कोणाला घालता येत नाही. कशी जात असेल शाळेत, कोणास ठाऊक."

तिने हळूच मान वळवली. पश्चिमेकडे.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ताईला आता कुठेही पूर्ण पोचता येणार नाही. जिथे असेल तिथे तिच्यातलं अर्धं माणूस दुसरीकडे बघत उभं असणार. मी जन्मभर पनवेल सोडलं नाही म्हणून स्वतःला सुखी समजत होतो. पण आमची सगळी आळी पश्चिमेला गेलेली, आणि मी मात्र राहिलो इथेच. तिचा हात मी हातात घेतला. "भजी खायची?" मी विचारलं. "नवीन गाडी लागते स्टेशनजवळ." ती म्हणाली, "चल." भजी गार होती. दोघांनीही तक्रार केली नाही.

ताई परत गेली. आता आमच्या गॅलरीतून नव्या विमानतळाची विमानं दिसतात. तिचं विमान काही तिथून गेलं नव्हतं, पण मला त्याचं काय! रोज संध्याकाळी खुर्ची टाकून, मान वळवून, मी पश्चिमेच्या आकाशात जाणारं प्रत्येक विमान दिसेनासं होईपर्यंत बघायचो. एस्तेर म्हणाली, "मान धरेल." मी म्हणालो, "भावना समजून घे."

मान धरली.

इतकी, की पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी तपासलं, मानेला जाडजूड पट्टा आवळून बांधला आणि लिहायला बसले. "काका, झालं कशाने हे? जड काही उचललं होतं?"

साठी ओलांडलेल्या माणसाने विमानं बघत बसायचं कारण कसं सांगावं?

माझ्या वतीने एस्तेर बोलली. "त्यांची बहीण गेली ना, तेव्हापासून असं होतंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चेहरा गंभीर केला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरेरे! फार वाईट झालं. वय काय होतं त्यांचं?"

आणि मानेला तो पट्टा असल्यामुळे मला 'नाही' म्हणून मानसुद्धा हलवता येईना!